आपला भोंगा त्या दिवशी का वाजला नाही

आजच्या समारंभाचे आणि आपल्या शाळा समितीचेही अध्यक्ष माननीय रामकिसनराव कंटुले, म्हणजे आपले आबा; व्यासपीठावरचे सरपंच आणि समितीचे सन्माननीय सदस्य; एवढ्या लांबून आलेल्या आणि कुंभार पिंपळगावच्या पुढच्या रस्त्याबद्दल अजून एक शब्दही न बोललेल्या अभियंत्या आकांक्षा मॅडम; माझे सहकारी; समोर बसलेल्या माता-भगिनी; खुर्च्या रिकाम्या असूनही भिंतीला टेकून उभं राहणंच पसंत करणारे ग्रामस्थ; विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो; आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, बेबीनंदाताई राजानंद खरात, आपणा सर्वांना माझा नमस्कार आणि जय भीम.

सूत्रसंचालक सरांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी पंधरा वर्षं या शाळेत मराठी शिकवते आणि गेली सहा वर्षं प्रभारी मुख्याध्यापिका आहे. कोणी सहा वर्षं प्रभारी राहू शकतं का, असं नवे पालक विचारतात. राहू शकतं. त्याच हिशेबाने माझी पाच मिनिटंही थोडी लांबतील, हे आधीच सांगून ठेवते.

बेबीनंदाताई आपल्या शाळेत एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होत्या. साठ वर्षांच्या बाईंचं नाव हजेरीपटावर 'बेबी' असं लिहिताना नवा आलेला प्रत्येक लिपिक एकदा मान वर करून बघतो. ताईंचं उत्तर ठरलेलं असतं, "आईनं ठिवलं, सरकारनं कायम केलं. तुम्ही लिव्हा."

माझी त्यांची खरी ओळख एका संकटात झाली. विज्ञानाच्या सरांची जागा दीड वर्ष रिकामी होती आणि आठवीचं विज्ञान माझ्याकडे आलं होतं. मराठीच्या बाईने परीक्षानळी कशी धरावी? मी ती ओव्या लिहिलेली जुनी वही धरावी तशी दोन्ही हातांनी धरली. ताईंनी ती अलगद काढून घेतली आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही वाचा, मी करते." त्या दीड वर्षात आठवीला विज्ञान कोणी शिकवलं, हे विद्यार्थ्यांना माहीत आहे, मला माहीत आहे, आणि निकाल चांगला लागल्यावर माझं अभिनंदन करणाऱ्या आबांना आज कळतं आहे.

आबा हसले. बरं झालं. पुढचं बोलायला मला थोडं बळ आलं.

कारण निरोपाच्या भाषणात सहसा न येणारी एक गोष्ट आज आणावी लागणार आहे. माझ्या टेबलावर समितीचा एक ठराव येऊन पडला आहे. ताईंची जागा त्यांच्या निवृत्तीबरोबरच संपते, नवीन माणूस मिळणार नाही. सबब प्रयोगशाळेच्या गच्चीवरचा भूकंपाचा भोंगा उद्या उतरवून ठेवावा, असा तो ठराव आहे. कारण एका ओळीत दिलंय : 'ऐन वेळी सदर भोंगा वाजला नाही.' खाली माझ्या सहीची जागा मोकळी आहे.

ताईंना हे कळलं. परवा त्या माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. निवृत्त होणाऱ्या माणसाला विचारायच्या किती गोष्टी असतात, पेन्शनचे कागद असतात, सेवापुस्तक असतं. त्यांनी एकच विचारलं, "मॅडम, भोंगा ऱ्हाणार का?"

मी म्हटलं, "बघू."

हे आपलं 'बघू' फार सोयीचं असतं. त्यात नाही म्हणायचा वाईटपणा नसतो आणि हो म्हणायची जबाबदारी नसते. त्या मान हलवून गेल्या. मी मात्र दोन दिवस त्या 'बघू'पाशीच अडकून बसले आहे. त्याचं उत्तर आज इथे द्यायचं आहे. पण त्याआधी हा भोंगा आपल्याकडे आला कसा, ते सांगू द्या. बऱ्याच जणांना वाटतं तो निवडणुकीतून उरलेला आहे.

काही वर्षांपूर्वी हिंगोलीकडे जमीन हलली आणि आपल्याकडेही मांडणीवरची भांडी वाजली, हे तुम्हाला आठवत असेल. माझ्या वयाच्या माणसांना त्या आवाजाने थेट किल्लारीची पहाट आठवली. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, अंबडला. वडिलांनी आम्हा भावंडांना अंगणात ओढत आणलं होतं आणि नंतर कितीतरी दिवस आई पितळी तांब्या उतरंडीवर उलटा ठेवायची, हलला की वाजावा म्हणून. तीच तिची सूचना यंत्रणा. तर त्या हिंगोलीकडच्या धक्क्यांनंतर, भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेने मराठवाड्यात ठिकठिकाणी यंत्रं बसवायचं ठरवलं. त्यातलं एक आपल्या वाट्याला आलं, आणि ते घेऊन आल्या या आकांक्षा मॅडम.

त्यांनी आम्हा शिक्षकांना फळ्यावर चित्र काढून समजावलं. जमिनीखाली खडक सरकला की दोन प्रकारच्या लाटा निघतात. पहिली वेगाने येते, पण तिच्यात फारसा जोर नसतो. दुसरी मागून येते आणि घरं पाडते ती हीच. भूकंप झाला तिथल्या जवळच्या यंत्रांना पहिली लाट कळली की ती लगेच पुढे निरोप धाडतात, आणि निरोप तारेतून, हवेतून लाटेपेक्षा कितीतरी लवकर पोचतो. मधे जो वेळ मिळतो तो सेकंदांत मोजायचा. भूकंप अगदी पायाखाली झाला तर तेवढाही मिळत नाही. हे आधीच भविष्य सांगणारं यंत्र नाही, हेही मॅडमनी तीन वेळा सांगितलं, कारण आमच्या एका सरांनी तीन वेळा विचारलं.

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. समजलं ते फक्त ताईंना. मागे उभ्या राहून त्या म्हणाल्या, "म्हंजे वऱ्हाडावानी. वऱ्हाडाचा टेम्पो मागून येतो, त्याच्या आधी एकजण मोटारसायकलवर येऊन सांगतो, निघाले म्हणून. मंग आपल्याला निदान वाटंतल्या खाटा उचलायला वेळ भेटतो."

आकांक्षा मॅडम, तुम्ही तेव्हा हातातला खडू खाली ठेवला होता, मला आठवतंय. यंत्राची जबाबदारी कोणाला द्यायची, हा प्रश्न तिथेच संपला.

आता उद्घाटनाचा प्रसंग. तो टाळून पुढे जावं असं व्यासपीठावरच्या काही मान्यवरांना वाटत असेल, पण इतिहास आहे. यंत्र एका सिमेंटच्या ओट्यावर घट्ट बसवलं होतं. आपल्याकडे नवा ओटा दिसला की त्यावर नारळ फोडावासा वाटतोच. प्रमुख पाहुण्यांनी हळदकुंकू वाहिलं, आणि ताई "तिथं नका, तिथं नका" म्हणेपर्यंत त्याच ओट्यावर नारळ आपटला. त्या काळात आपलं यंत्र एकटंच होतं, दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रांशी जोडलेलं नव्हतं. त्याला वाटलं आलाच भूकंप. गच्चीवरचा भोंगा असा काही ओरडला की पाहुणे नारळाची अर्धी वाटी हातात घेऊन फाटकाबाहेर, त्यांच्यामागे समिती, समितीमागे बँड. आबा त्या दिवशी किती चपळ होते, हे ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात. जागेवर एकट्या ताई उभ्या होत्या. त्या घड्याळ बघून म्हणाल्या, "बराबर वाजला."

तेव्हापासून आपल्या शाळेत नारळ फोडायचा तर मैदानाच्या पार त्या टोकाला, बाभळीखाली. आजचाही तिथेच फुटला. बाहेरगावच्या पाहुण्यांना हा आमचा काही धार्मिक रिवाज वाटतो.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. पण पुढच्याच महिन्यात दहावीच्या परीक्षेत, गणिताचा पेपर चालू असताना, शेजारच्या वावरात बोअरची गाडी लागली. ओटा हलला, भोंगा वाजला आणि ताईंनी शिकवल्याप्रमाणे मुलं शिस्तीत वर्गाबाहेर मैदानात गेली. उत्तरपत्रिका बाकावर आणि परीक्षार्थी मैदानात. मला किती कागदांवर किती खुलासे लिहावे लागले, ते विचारू नका. मराठीची बाई असल्याचा एवढा उपयोग मला आधी कधी झाला नव्हता.

त्या दिवशी मी एक निर्णय घेतला. परीक्षा असेल, समारंभ असेल, पाहुणे येणार असतील, त्या दिवशी भोंगा बंद. त्याची चावी माझ्या कपाटात. पुढे तीन महिन्यांत आपलं यंत्र इतर ठिकाणांशी जोडलं गेलं. आता तीन ठिकाणच्या यंत्रांनी एकच गोष्ट सांगितल्याशिवाय भोंगा वाजणार नाही, नारळाने नाही आणि बोअरनेही नाही, असं आकांक्षा मॅडमनी मला लेखी दिलं. मी ते पत्र नीट फाईलला लावलं. चावी मात्र कपाटातच राहिली. का? खरं सांगू का, पाहुण्यांचं भाषण मधेच तुटलं तर केवढा अपमान, ही एकच भीती. आपल्याकडे भाषण चालू असताना कोणी खोकलंसुद्धा तर आपण मागे वळून बघतो. तिथे भोंगा?

ताईंनी त्यावर वाद घातला नाही. एकच मागितलं, "भोंगा बंद ठिवा, पण माझ्या खोलीतला लाल दिवा चालू ऱ्हाऊ द्या." दिव्याची तार वेगळी होती. मी हो म्हटलं. त्यानंतर कोणत्याही कार्यक्रमात ताई मांडवात दिसल्या नाहीत. आम्हाला वाटायचं, बाईंना समारंभ आवडत नाहीत. त्या प्रयोगशाळेत स्टुलावर बसून दिव्याकडे बघत असायच्या.

आणि शाळा सुटल्यावर गावात फिरायच्या. आपल्या गावात निम्म्या घरांवर पत्रे, आणि पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड. ताई दारोदार जाऊन सांगायच्या, दगड उतरवा, पत्रे नटबोल्टने कसून घ्या. समोर बसलेल्या उषाबाईंनी त्यांना काय उत्तर दिलं होतं, ते मी त्यांच्या परवानगीने सांगते. उषाबाई म्हणाल्या, "ए बेबी, दगडं काढली अन् वावधान आलं तर पत्रे जातेन उडून. तव्हा तुही मशीन येऊन धरून बसल का?"

ताई म्हणाल्या, "मावशे, मशीन मला धा-बारा सेकंद देते. तेवढ्यात तू उठतीस, चप्पल हुडकतीस. दगडं वरी ऱ्हायली तर भोंगा वाजला काय अन् न्हाई काय."

उषाबाईंनी पुढच्या आठवड्यात दगड उतरवले. असं एकेक करत साठ-सत्तर घरांवरचे उतरले. राहिले कुठले? आपल्या शाळेचे. जुन्या तीन खोल्यांच्या लाईनीवरचे. ताईंनी त्यासाठी मला तीनदा अर्ज दिला आणि मी तिन्ही वेळा त्यावर 'समितीपुढे ठेवावे' असा शेरा मारला. माझं अक्षर चांगलं आहे, असं सगळे म्हणतात.

आता तो दिवस. दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी, सकाळचे साडेअकरा. मैदानात मांडव, मांडवात सगळं गाव. स्नेहसंमेलनाचे पाहुणे बोलत होते, चाळीस मिनिटं झाली होती आणि ते नुकतेच विषयाकडे वळले होते. पाचवीची अडतीस मुलं-मुली नाचाची तयारी करत त्या जुन्या लाईनीत होती. भोंगा बंद होता.

तेवढ्यात घंटा वाजली. तासाचा टोल नव्हे, सुट्टीची लांब घंटा. पाहुणे थांबले. माझा पहिला विचार काय होता, हे सांगायला मला आजही लाज वाटते. मला वाटलं, ताईंना आज काय झालं, पाहुण्यांसमोर माझी शोभा केली. मी रागाने वळून पाहिलं. जुन्या लाईनीतून पोरं सुसाट बाहेर येत होती. कोणाच्या एकाच डोळ्यात काजळ, कोणाचा फेटा अर्धा, एकीने तर दुसरीच्याच वेणीला धरलेलं. सुट्टीच्या घंटेवर विश्वास न ठेवणारं मूल अजून जन्माला यायचं आहे. पुढची मैदानाच्या मध्यापर्यंत पोचली आणि मग माझ्या पायाखाली जमीन हलली.

फार मोठा धक्का नव्हता. मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या थरथरल्या, पाहुण्यांच्या समोरचा पाण्याचा ग्लास सरकत जाऊन पडला. गावात कुठे काही झालं नाही. पण जुन्या लाईनीवरचे दगड सुटले. ते उतरत्या पत्र्यावरून घरंगळत आले आणि व्हरांड्यात पडले, एकामागून एक. मुलांनी तिथे रांगेत चपला काढून ठेवल्या होत्या. नंतर त्या चपला आम्ही दगडांखालून ओढून काढल्या. मी ते काम दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. तळहाताएवढ्या चपला असतात हो पाचवीच्या मुलांच्या.

आपली घंटा, म्हणजे तो लोखंडी रुळाचा तुकडा, त्याच व्हरांड्याला, प्रयोगशाळेच्या दाराजवळच टांगलेला आहे. ताई शेवटचं मूल बाहेर पडेपर्यंत तिथे उभ्या राहून तो वाजवत होत्या. एक दगड त्यांच्या उजव्या खांद्याला निसटता लागला. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. राजानंदभाऊंना तिसऱ्या दिवशी कळलं, भाकरी थापताना हात उचलेना तेव्हा. राजानंदभाऊ पुढे बसले आहेत. भाऊ, तुम्ही तेव्हा माझ्याकडे आला होता आणि नुसता चहा पिऊन गेला होता, ते मी विसरलेले नाही.

मी नंतर ताईंना विचारलं, घंटाच का वाजवली? त्या म्हणाल्या, "चावी तुमच्या कपाटात. तिथवर पळून जायचं म्हणलं तर तेवढ्यातच बारा सेकंद गेले असते. अन् सुट्टीच्या घंटीला ती लाईन नऊ सेकंदात रिकामी होते. मी मोजलंय." एकतीस वर्षं आपण सगळे ती घंटा ऐकतो आहोत. मोजलं कोणी?

यानंतर जे झालं त्यात माझा वाटा फार मोठा आहे. वर्तमानपत्रात आलं, 'मुख्याध्यापिकेच्या प्रसंगावधानाने अडतीस मुले सुखरूप'. अंबडला माझा सत्कार झाला. मी शाल घेतली. मी भाषणात ताईंचं नाव घेतलं, पण 'कर्मचाऱ्यांचे सहकार्य लाभले' या वाक्यात, इतर चार नावांबरोबर. आणि गावात बोलणं सुरू झालं, ते मशीन काय कामाचं, ऐन वेळी मुकं बसलं, शेवटी घंटाच कामी आली.

आकांक्षा मॅडम चौकशीला आल्या. त्यांच्याकडच्या नोंदीत सूचना वेळेवर पोचली होती, मग भोंगा का वाजला नाही? त्यांनी मला विचारलं तेव्हा ताई शेजारीच उभ्या होत्या. मी म्हटलं, "लाईट गेलेली असेल बहुतेक."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या चहा सांगायला बाहेर गेल्या.

मॅडम, लाईट गेलेली नव्हती, आणि अहवालातही मी तेच खोटं लिहिलं. तुम्ही माझ्या त्या वाक्यावर विश्वास ठेवून भोंग्याला नवी बॅटरी बसवून दिली, चांगली मोठी. त्या थापेतून शाळेचं झालं तर तेवढंच भलं झालं. ताईंच्या नोंदवहीत त्या तारखेला तीन वाक्यं आहेत. 'सूचना आली, बारा सेकंद. घंटा वाजवली. भोंगा बंद होता.' कोणी बंद ठेवला, ते त्यांनी लिहिलं नाही. दोन वर्षं गावाने त्या यंत्राला नावं ठेवली, म्हणजे एका अर्थाने त्यांनाच ठेवली. चौकात कोणीतरी त्यांना म्हणायचंच, काय मावशी, तुमची मशीन झोपली का उठली? त्या हसून पुढे जायच्या.

म्हणून आज, माझ्या मुलांसमोर आणि त्यांच्या आईवडिलांसमोर, मी सांगते आहे. त्या दिवशी आपला भोंगा बिघडलेला नव्हता. तो मी बंद केला होता. पाहुण्यांचं भाषण मधेच तुटू नये म्हणून.

आबा, थोडं पाणी घ्या. माझं अजून संपलेलं नाही.

कोणी म्हणेल, ठीक आहे मॅडम, पण घंटेने काम झालंच ना, मग भोंगा हवा कशाला? त्याचं उत्तर सोपं आहे. घंटा वाजवायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला पडत्या दगडाखाली उभं राहावं लागतं. भोंग्यासाठी कोणाला तिथे उभं राहावं लागत नाही. घंटा आपल्या फाटकापर्यंत ऐकू जाते. भोंगा अंगणवाडीपर्यंत जातो, दवाखान्यापर्यंत जातो, आठवडी बाजाराच्या दिवशी पारावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत जातो. आणि ताईंसारखं माणूस आपल्याला रोज मिळणार नाही, हे तर समितीच्या ठरावातच लिहिलेलं आहे.

काल संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत गेले. ताई कपाटातल्या बाटल्या पुसून ठेवत होत्या. मी त्यांना विचारलं, दोन वर्षं तुम्ही गप्प का राहिलात? माझ्यावर उपकार म्हणून?

त्या म्हणाल्या, "बिलकुल न्हाई. मी इचार केला, खरं सांगितलं तर गाव तुमचं ऐकणं सोडून देईल. अन् पुढच्या बारीला पोरायला बाहेर पळा म्हणायला तुम्हीच इथं असणार. मी तर रिटायर होऊन राह्यले."

मी एक बाटली उचलून पुसायला घेतली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, कारण मी ती झाकणाच्या बाजूने धरली होती.

ताई, तुमचा हा हिशेब मी आज मोडते आहे. कदाचित उद्यापासून गाव माझं थोडं कमी ऐकेल. चालेल. माझं कमी ऐका, पण भोंग्याचं ऐका. आणि त्याचं ऐकायचं तर तो खरं बोलतो हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं. तो खोटा ठरला तो माझ्यामुळे.

अध्यक्ष महोदय, त्या ठरावावर माझी सही होणार नाही. मी कारण लेखी देईन, आणि दोन वर्षांपूर्वीचा माझा अहवालही दुरुस्त करून पाठवीन. त्याचं जे व्हायचं ते होईल. प्रभारी माणसाला पदावरून काढणं कितपत अवघड असतं, ते आपल्याला कळेलच. सोमवारपासून रोज सकाळी यंत्राची तपासणी मी करणार आहे. ताईंनी मला गेला पंधरवडा शिकवलं आहे. त्यांचं मत असं आहे की मराठीच्या मानाने मला बरं जमतं. त्यांची मुलगी प्रीती आणि आपल्या सत्यशीला मॅडम महिन्याच्या सरावाची जबाबदारी घेत आहेत. जुन्या लाईनीवरचे दगड तर त्याच आठवड्यात उतरले, हे तुम्ही पाहिलं आहे. शेरे न मारताही कामं होतात, हे मला तेव्हा कळलं.

आणि एक. आज इथे सभागृहात सव्वादोनशे माणसं आहेत, व्यासपीठावर पाहुणे आहेत, भाषणं चालू आहेत. असा समारंभ असूनही आज पहिल्यांदा भोंगा चालू आहे. सकाळी मी स्वतः तो चालू केला.

बघा, पाच-सहा जणांनी लगेच दाराकडे पाहिलं. उत्तम. दार उघडंच आहे, वाटेत खुर्ची ठेवलेली नाही, ती ताईंनी आल्या आल्या हलवली. स्वतःच्या सत्काराला आलेली बाई हार घालून घेण्याआधी वाटेतल्या खुर्च्या उचलते, यापलीकडे त्यांच्याविषयी मी काय सांगू?

ताई, तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, खांदा थंडीत दुखायचा थांबो, आणि आता घरी तरी निवांत बसा, असं म्हणण्याची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. मंगळवारी बॅटरीचं पाणी कसं बघायचं ते मला अजून नीट समजलेलं नाही. या.

समितीचे आभार, की मला बोलू दिलं. आकांक्षा मॅडमचे आभार, की एवढं ऐकूनही त्या अजून खुर्चीवर बसून आहेत. राजानंदभाऊंचे आणि प्रीतीचे आभार, की त्यांनी त्यांचं माणूस एकतीस वर्षं आमच्याकडे ठेवू दिलं. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मुलांनी तर फारच, त्यांचेही आभार.

बोलताना वेळेचं भान राहिलं नसेल, कोणाचं नाव राहून गेलं असेल, थोरामोठ्यांना उद्देशून एखादा शब्द जास्तीचा गेला असेल, तर ते सगळं पोटात घाला. ती एक चूक मात्र पोटात घालू नका. ती लक्षात ठेवा. आणि भोंगा वाजला की उठून बाहेर या, भाषण कोणाचंही चालू असो.